मोटारसायकल चोरीला गेली तर: फोंड्याहून एका विमा एजंटचे अनुभवाचे बोल

गाडी ठेवली तिथे गाडी नाही, असं दिसलं की आधी ती चोरीलाच गेली आहे ना, हे पाहा. पणजीत अठरा जून रस्त्यावर किंवा मडगावच्या बाजारात नो पार्किंगमध्ये लावली असेल तर ट्रॅफिकवाल्यांनी उचलली असू शकते. हप्ते थकले असतील तर वसुलीवाले नेतात, आणि नेल्यावर सांगतीलच असं नाही. घरातल्या कुणी दुसरी चावी घेऊन नेली का, तो फोन तर पहिला करा. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. नाहीच मिळाली तर ११२ लावा.

मी फोंड्यात वाहनविम्याचं काम करते. लोक माझ्याकडे पॉलिसी काढायला एकदा येतात, आणि चोरी झाली की दुसऱ्यांदा येतात. दुसऱ्यांदा येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात एक कागद असतो आणि त्या कागदात काहीतरी घोळ असतो. म्हणून हे लिहायला बसले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी तुम्ही जे सांगता, तेच पुढे कंपनी, आरटीओ, बँक आणि कोर्ट वाचणार असतं. तारीख, वेळ, जागा, चावी, नंबर हे सगळ्या कागदांवर एकसारखं असलं पाहिजे. बाकीचं सगळं यामागून येतं.

११२ ला फोन केला म्हणजे तक्रार झाली असं नाही. पण फोनची वेळ नोंदली जाते आणि गस्तीवरच्या गाडीपर्यंत वर्णन पोचतं. गोव्यातून बाहेर पडायला मोठे रस्ते मोजकेच: पत्रादेवी, दोडामार्ग, केरीहून चोर्ला घाट, मोलेहून अनमोड, आणि खाली पोळे. गाडी तासाभरात यातल्या एखाद्या नाक्यापलीकडे जाऊ शकते. तेव्हा ‘आधी घरी जाऊन जेवतो, मग पाहू’ हे नको. फोनवर नंबर, रंग, मॉडेल आणि एखादी ठळक खूण सांगा. काळी मोटारसायकल सगळ्यांकडेच असते. टाकीवर डाव्या बाजूला पोचा आणि मागच्या मडगार्डवर देवाचं स्टिकर असलेली एकच असते.

पोलीस येईपर्यंत त्या जागेचे मोबाइलवर फोटो काढा. तुटलेलं कुलूप किंवा हँडल-लॉकचा तुकडा पडला असेल तर हात लावू नका, फोटो घ्या. मग वर पाहा. कॅमेरे दुकानांच्या वर, बँकेच्या दारावर, फार्मसीच्या पाटीखाली असतात. दुकानदाराला विनंती करा की त्या दोन-तीन तासांचं चित्रीकरण पुसलं जाऊ देऊ नका. त्या यंत्रात जुनं पुसून नवं चढत राहतं, आणि पोलीस पत्र घेऊन येईपर्यंत कधी कधी ते गेलेलं असतं. तो तुम्हाला कॉपी देईलच असं नाही, आणि त्यावरून भांडू नका. कुठल्या दुकानाचा कॅमेरा कुठल्या दिशेला आहे, एवढं लिहून घ्या आणि तक्रारीत घाला.

कुठलं ठाणं

माझ्या पुतण्याची गाडी म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत गेली. शेतात शेकडो दुचाक्या लागलेल्या, अंधार, जो तो आपापली शोधतोय. तो रात्रीच फोंड्याला परतला आणि सकाळी फोंडा ठाण्यात जाऊ म्हणाला. मी त्याला म्हापशालाच धाडला. कायद्यानं कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय, त्यालाच लोक झीरो एफआयआर म्हणतात. पण तो एफआयआर नंतर हद्दीच्या ठाण्याकडे जातो, तिथे त्याला नवा नंबर पडतो आणि मधले दिवस वाया जातात. जाता येत असेल तर हद्दीच्या ठाण्यातच जा. तुम्ही कारवारला आहात आणि गाडी काणकोणला गेली, असं काही असेल तर मात्र जवळच्या ठाण्यात द्या, थांबू नका. मेलवरूनही कळवता येतं, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

रेल्वे स्टेशनच्या आवारातून गेली असेल, थिवी, करमळी किंवा मडगावहून, तर हद्द कुणाची हे आधी विचारून घ्या. आणि पे-पार्किंगची चिठ्ठी फेकू नका. गाडी तिथे होती याचा तुमच्याकडचा तोच एक पुरावा.

ठाण्यात जाताना आरसीची प्रत, पॉलिसीची प्रत, ओळखपत्र आणि गाडीचा एक फोटो न्या. आरसी गाडीच्याच डिकीत होती? मग डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी मोबाइलवर काढा, चालते. आणि आरसी डिकीत होती हे तक्रारीत लिहाच. नंतर कंपनी मूळ आरसी मागते. तेव्हा ‘ती गाडीबरोबर गेली’ हे एफआयआरमध्ये नसेल तर तेवढ्यासाठी वेगळी तक्रार, वेगळं प्रतिज्ञापत्र.

तक्रारीत काय लिहायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडचे निम्मे घोळ इथलेच असतात.

वेळ. ‘रात्री ९.३० वाजता चोरी झाली’ असं लिहू नका. तुम्ही पाहिलं नाही. ‘संध्याकाळी ७ च्या सुमारास लावली, रात्री ९.३० ला परत आलो तेव्हा नव्हती’ असं लिहा. या दोन वेळांच्या मधलं जे काही आहे ते चोराला माहीत. एकदा ठोक वेळ लिहिली आणि कॅमेऱ्यात गाडी पाऊण तास आधी जाताना दिसली, की विमा कंपनीचा तपासनीस तुमच्याकडे संशयानं बघायला लागतो.

जागा. ‘म्हापसा बाजारात’ एवढ्यानं भागत नाही. कुठल्या दुकानासमोर, कुठल्या फाट्यावर, कुणाच्या कुंपणाला लागून. पंचनाम्याला पोलीस तुम्हाला तिथेच उभं करणार आहेत.

चावी. लॉक केली होती का, हँडल-लॉक होतं का, चावी कुठे होती. खरं ते लिहा. गाडीलाच चावी राहिली असेल तर तसं लिहायला लोक घाबरतात, कारण क्लेम जाईल असं वाटतं. कंपनी निष्काळजीपणाचा मुद्दा काढणार हे खरंच. पण चावी आत राहिलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली विमाधारकाला रकमेच्या ७५ टक्के मिळवून दिले. खोटं लिहिलं आणि दुसरी चावी दाखवता आली नाही, तर तेवढंही हातात राहत नाही.

नंबर. नोंदणी क्रमांक सगळ्यांना पाठ असतो, चॅसी आणि इंजिन नंबर कुणालाच नसतो, आणि कंपनी नेमके तेच ताडून पाहते. पुतण्याच्या एफआयआरमध्ये चॅसी नंबरातल्या इंग्रजी ‘बी’ च्या जागी आठचा आकडा पडला होता. आरसीची झेरॉक्स पुसट, टाइप करणारा हवालदार दिवसभराच्या कामानं दमलेला, आणि वर प्रिंटरची शाई संपत आलेली. कंपनीनं लगेच विचारणा काढली: तुमच्या गाडीचा एफआयआर हा नव्हेच. मग ठाण्यात अर्ज, दुरुस्तीचं पत्र, ते कंपनीला. चूक एका अक्षराची, पण तिच्यापायी फाइल कितीतरी दिवस पडून राहिली. म्हणून सही करण्याआधी मोबाइलवरची आरसी शेजारी धरून चॅसी नंबर एकेक अक्षर बोटानं मोजा. सतरा अक्षरं भरली पाहिजेत. आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं त्यात वापरतच नाहीत, तेव्हा गोल दिसलं की तो शून्य आणि उभी रेघ दिसली की तो एक.

आपल्याकडे एफआयआर बहुतेक वेळा इंग्रजीत टाइप होतो. तुम्ही तक्रार मराठीत किंवा कोंकणीत सांगितली तरी हरकत नाही, पण काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. पुतण्याबरोबर मी गेले होते तेव्हा हवालदारानं विचारलं, ‘गाडी खंय दवरल्ली?’ पोरगं म्हणालं, ‘शेतांत.’ कागदावर उतरलं ‘मोकळ्या जागेत’. मी म्हटलं, सायबा, ‘जत्रेसाठी ठरवलेल्या पार्किंगच्या शेतात’ असं घाला. त्यानं हसून घातलं. मोकळ्या जागेत सोडून दिलेली गाडी आणि जत्रेच्या पार्किंगमध्ये लावलेली गाडी या कंपनीच्या टेबलावर दोन वेगळ्या गाड्या असतात.

चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३०३, पोटकलम २. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ३७९ असतं. कागदावर ३०३(२) दिसलं म्हणजे चोरीचाच गुन्हा नोंदला. नुसतीच डायरीतली नोंद, किंवा वस्तू हरवल्याचा ऑनलाइन दाखला हातात देऊन कुणी परत पाठवत असेल तर घेऊ नका. पाकीट हरवलं तर तो दाखला चालतो, गाडीच्या क्लेमला चालत नाही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. त्यावर एफआयआर नंबर, तारीख, ठाण्याचा शिक्का आहे ना ते बघा आणि तपास अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्या.

नोंदवतच नसतील तर? आवाज चढवून काही होत नाही. लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोचही देत नसतील तर तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हे सगळं त्याच कलम १७३ मध्ये आहे. बहुतेकांना यातलं काही लागत नाही. ‘मी लेखी देतो, तुम्ही पोच द्या’ हे शांतपणे म्हटलं की पीएसआय खुर्चीतून जरा पुढे सरकतो.

कंपनीला कळवणं

त्याच दिवशी. एफआयआर हातात नसला तरी. टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर कळवा, क्लेम नंबर घ्या, आणि पाठोपाठ एक मेल टाका: पॉलिसी नंबर, गाडी नंबर, कुठून, केव्हा, कुठल्या ठाण्यात तक्रार. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं समजू नका. हे एजंट म्हणूनच सांगते.

उशीर झालाच असेल तर खचू नका. विमा नियामकानं २०११ सालीच कंपन्यांना बजावलंय की नुसत्या उशिराच्या कारणानं खरा क्लेम नाकारू नका. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०२० साली गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं की पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला या एका कारणानं क्लेम फेटाळता येत नाही. मात्र दोन्हीकडे उशीर केला असेल तर या निकालाचा आधार लंगडा पडतो.

आता माझ्या टेबलावरचा सगळ्यात वाईट प्रसंग. माणूस पॉलिसी पुढे करतो, म्हणतो, पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, शोरूमनं सांगितलं होतं. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, सक्तीचा झाला. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे चोरीचाही, भाग त्यात साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो वेगळा भरावा लागतो. ट्रॅफिक पोलिसानं अडवलं तर थर्ड पार्टी दाखवून सुटता येतं, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. कागदावर दोन तारखा असतात, एक वरच्या रकान्यात आणि एक खालच्या. लोक मोठी तारीख वाचतात. थर्ड पार्टीत चोरीचा एक रुपया मिळत नाही. हे वाचत असताना तुमची गाडी दारात उभी असेल तर उठून ‘ओन डॅमेज’समोरची तारीख पाहून या.

तशीच गोष्ट जुन्या विकत घेतलेल्या गाडीची. गाडी तुमच्याकडे, आरसी अजून सावर्ड्याच्या कुणा पहिल्या मालकाच्या नावावर आणि पॉलिसीही त्याच्याच. गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्यायची असते. नाही केली तर क्लेम करणारा कोण, हाच प्रश्न उभा राहतो.

आणि किनाऱ्याकडच्या मंडळींसाठी: पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी पर्यटकाला भाड्यानं दिली आणि ती गेली, तर कंपनी ‘वापराच्या अटीचा भंग’ म्हणून हात वर करते. रेंट-अ-बाइकला काळी पाटी, पिवळी अक्षरं आणि वेगळी पॉलिसी असते ती उगीच नाही. शिवाय गिऱ्हाईकानं भाड्यानं घेऊन परतच आणली नाही, तर ती चोरी की विश्वासघात, वाद तिथूनच सुरू होतो. ‘मित्राला दिली होती’ असं सांगायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो मित्र तपासनिसासमोर बसला की काय होतं ते मी पाहिलंय.

किती मिळतात

पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो. शोरूमच्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरून तो काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांच्या वर गेली की कंपनी आणि तुम्ही ठरवाल ते. म्हणजे १,१०,००० ची गाडी, पॉलिसी सुरू होताना अडीच वर्षांची, तर ७७,००० आयडीव्ही. त्यातून दुचाकीला सक्तीची १०० रुपयांची वजावट. हा आकडा पॉलिसी सुरू होताना ठरतो आणि ती संपेपर्यंत तोच राहतो. ‘आता बाजारात एवढेच येतील’ म्हणून कुणी फोनवर कमी आकड्याला हो म्हणायला लावत असेल तर लेखी मागा. प्रीमियम दोनशे रुपयांनी स्वस्त पडतो म्हणून आयडीव्ही मुद्दाम खाली आणून घेणारे असतात. ते चोरीच्या दिवशी कळतं. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जादा कवच घेतलं असेल तर बिलाची रक्कम मिळते. नव्या गाडीला ते घ्यावं असं माझं मत.

कर्ज असेल तर चेक आधी बँकेचा. थकबाकी वळती करून उरलेले तुमचे. दरम्यान हप्ता थांबवू नका. गाडी नाही तर हप्ता कशाला, हा युक्तिवाद माणुसकीला धरून असला तरी सिबिलला पटत नाही.

तपासनीस

कंपनीचा तपासनीस घरी येतो. पोलीस नव्हे, पण प्रश्न पोलिसांपेक्षा बारीक. पुतण्याकडे आलेला सोप्यावर बसला, चहा नको म्हणाला, आणि दोन्ही चाव्या मागितल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले, मग चष्मा कपाळावर चढवून एकेकीच्या कडा बघत राहिला. एक झिजून गुळगुळीत, दुसरी जवळजवळ कोरी, तिच्या रिंगेला शोरूमचा प्लास्टिकचा बिल्ला अजून लोंबत होता. तो खूश झाला. दोन्ही मूळ चाव्या हव्यात, त्यातली एक रोजची आणि एक कपाटातली दिसली की त्याची अर्धी शंका फिटते. बाजारात यंत्रावर काढलेल्या चावीच्या दांड्यावर चिमट्याचे ओरखडे असतात, ते त्यांना ओळखता येतात. एक चावी आधीच हरवली असेल तर केव्हा, कुठे, नवी कुठून करून घेतली, पावती आहे का, हे आधी जुळवून ठेवा. तपासनिसासमोर आठवत बसू नका.

सर्व्हिसिंगची बिलं, शेवटचं पीयूसी, जमल्यास पेट्रोलची एखादी पावती. गाडी खरोखर वापरात होती, एवढंच त्यांना बघायचं असतं. तो शेजाऱ्यांनाही विचारेल. राग मानू नका. जबाब मात्र वाचून सही करा आणि त्याचा फोटो घ्या. कोऱ्या कागदावर सही मागितली तर द्यायची नाही, मग तो कितीही घाईत असो.

आरटीओ आणि चलन

एफआयआरच्या प्रतीसह आरटीओला लेखी कळवा, म्हणजे वाहनप्रणालीत त्या नंबरावर खूण पडते आणि गाडी परस्पर कुणाच्या नावावर चढत नाही. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, कंपनी मागते.

अधूनमधून ई-चलनाच्या संकेतस्थळावर आपला नंबर टाकून पाहत जा. पुतण्याच्या मोबाइलवर एक दिवस हेल्मेट नसल्याच्या दंडाचा मेसेज आला, कोल्हापूरकडचा. फोटोत तीच गाडी, मागच्या मडगार्डवरचं स्टिकर शाबूत, चालवणारा पाठमोरा. आम्ही प्रिंट काढून तपास अधिकाऱ्याला पत्राबरोबर दिली आणि पोच घेतली. गाडी काही सापडली नाही, पण ती दुसऱ्या कुणाच्या हातात आहे हे कंपनीला कागदावर मिळालं. असं चलन आलं तर भरून टाकू नका. भरलं तर गाडी तुमच्याकडेच होती असा अर्थ निघतो. एफआयआर जोडून हरकत घ्या.

समरी: वाट पाहण्याचा भाग

गाडी सापडली नाही तर पोलीस कोर्टात अंतिम अहवाल देतात: गुन्हा खरा, पण आरोपी आणि माल सापडला नाही. आपल्याकडे याला ‘अ’ समरी म्हणतात. बहुतेक कंपन्या यासाठी शेवटचा चेक अडवून ठेवतात. याला महिने लागतात. ‘सायबा, झालं का?’ म्हणून दर आठवड्याला ठाण्यात जाण्यापेक्षा एक पत्र द्या: एफआयआर नंबर, गाडी नंबर, तपासाची प्रगती कळवावी. कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे तक्रारदाराला कळवायचं असतं, त्याचा उल्लेख पत्रात नम्रपणे करा. चवथीच्या आठवड्यात मात्र कुठलाच कागद हलत नाही, तेव्हा पत्र त्याआधी पोचेल असं बघा.

अहवाल कोर्टात गेला की ठाण्यातून त्याची तारीख आणि कोर्ट विचारून घ्या आणि कोर्टातून सही-शिक्क्याची प्रत काढा. ती दिली की कंपनी पुढचे कागद मागते: मूळ आरसी आणि चाव्या, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठीचे सही केलेले फॉर्म २८, २९ आणि ३०, कर्ज असेल तर त्याची नोंद काढण्याचा ३५ आणि बँकेचं पत्र, स्टँप पेपरवर हमीपत्र, आणि गाडीचे हक्क कंपनीकडे जाण्याचं पत्र. देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स. दिल्याची पोच.

सापडली तर? पैसे मिळण्याआधी सापडली तर कंपनीला लगेच कळवा. गाडी मुद्देमाल म्हणून जमा असते, ती कोर्टात अर्ज करून, बंधपत्र देऊन सोडवावी लागते. सिंधुदुर्ग किंवा बेळगावात सापडली तर अर्ज कुठल्या कोर्टात करायचा हे तपास अधिकाऱ्याला विचारूनच वकील धरा. ताब्यात घेताना चारी बाजूंनी फोटो काढा, काय काय काढून नेलंय ते लिहून घ्या, कारण त्या दुरुस्तीचा क्लेम होतो. दुरुस्ती आधी आणि कंपनीचा सर्व्हेअर नंतर, असं करू नका. पाऊस लागायच्या आधी सोडवता आली तर बघा. ठाण्याच्या आवारात दोन पावसाळे काढलेली गाडी सोडवून आणायलाच जास्त खर्च येतो.

नाकारलं तर

नकार लेखी घ्या, कारणासह. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, बरोबरच नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, उत्तरेला पर्वरी, दक्षिणेला मडगाव, मुदत दोन वर्षं. दुचाकीच्या रकमेसाठी मी लोकांना आधी लोकपालाकडेच पाठवते. तिथे सगळा खेळ कागदांचा, आणि तारखा पडत नाहीत.

पैसे खात्यात आले की फाइल टाकून देऊ नका. एफआयआर, समरीची प्रत, आरटीओची पोच आणि कंपनीला कागद दिल्याची पोच जपून ठेवा. आरसी कंपनीच्या नावावर होईपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच आहात. उद्या ती गाडी घेऊन कुणी हुबळीत साखळी ओढली, तर पोलीस नंबर तपासत तुमच्याच दारात येतील, आणि तेव्हा त्यांना दाखवायला तीच फाइल लागेल. नव्या गाडीची पॉलिसी घेताना नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मिळणार नाही, तो या क्लेमबरोबर गेला. फॉर्मवर ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहा, एजंट काहीही म्हणो.